निळीवर पाय देऊ नये

"ती कुंडी हलवलीस तू?"

सुतार खिडकीतूनच ओरडला. बायकोच्या हातात खराटा होता. मागच्या अंगणातली फुटकी कुंडी तिनं झाडण्यापुरती बाजूला घेतली होती.

"ठेवते परत. कुंडीच आहे, देव नाही."

तरी तो चपला न घालताच बाहेर आला. कुंडी होती तिथं बसवली, दोन पावलं मागं सरला आणि फळी वाकली आहे का बघावं तसं एक डोळा मिटून बघितलं. मगच आत गेला.

बायको हसली नाही. त्या घरात हसायची सवय मोडून बरीच वर्षं झाली होती.

घर तिचं, म्हणजे तिच्या बापाचं. सुतार घरजावई. गावभर लोकांना चौकटी बसवून दिल्या, पण स्वतःचा म्हणावा असा एक उंबरठा त्याच्या नशिबी नव्हता. म्हातारपणी त्याच्या डोक्यात भूत शिरलं, की हे घर विकायचं आणि समुद्राकाठी जाऊन राहायचं. रोज जेवायला बसलं की तेच दळण. शेवटी एकदा ती ताट उचलता उचलता म्हणाली, "मी मेले की विका. मग समुद्राकाठी राहा, नाहीतर समुद्रात बुडा."

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. उलट माणूस लोण्यासारखा मऊ झाला. ती आजारी बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात मागच्या अंगणातली पडकी विहीर त्यानं एकट्यानं बुजवून टाकली म्हणे. ती परत आली तर जमीन कशी सपाट, वर माती पसरलेली. कोपऱ्यात थोडा लाकडाचा भुसा पडला होता, पण सुताराच्या घरी भुशाचं काय नवल?

"इथं तुझ्यासाठी फुलं लावू," तो म्हणाला. "तुला निळा रंग आवडतो ना?"

अख्ख्या संसारात त्यानं तिला रंग विचारला नव्हता. ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन रडली.

नर्सरीवाली रोपं घेऊन आली. "काका, ही निळी. हिचं खरं नाव लांबलचक आहे, ते सांगून तुमचा दिवस खात नाही. वीतभर उंची, बारा महिने हिरवीगार, सावलीतही धरते. कांडी मातीला टेकली की तिथं मूळ सोडते. मग उपटून दाखवा! आणि वरून चाललात तरी रागावत नाही."

"माणसांपेक्षा बरी," बायको म्हणाली.

निळी सरपटत सरपटत पसरली. दोन पावसाळ्यांत खालची माती दिसेनाशी झाली. कडेचं तण सुतार स्वतः काढायचा. मधे जायचं तर कुंडीपाशी उभा राहायचा आणि तिथून नाकासमोर, पावलापुढं पाऊल टाकत आत जायचा, तसाच परत यायचा. डोंबाऱ्यासारखा. "उगाच रोपं तुडवली जायला नकोत," म्हणायचा.

मग फुलं आली. संध्याकाळी आभाळ उतरावं तशी.

"अगं, जा की मधे. मधली फुलं सगळ्यात गर्द आहेत."

"फुलांवर पाय देऊ? आई म्हणायची, फुलं तुडवणाऱ्याचे पाय म्हातारपणी वाकडे होतात."

"तुझ्या आईचेच तर वाकडे होते!"

"म्हणूनच तिला ठाऊक."

ती कडेला उभी राहून झारीनं पाणी घालायची. तो रोज आग्रह करायचा, ती रोज मान हलवायची. दुसऱ्या बहरातही तेच. सुताराची झोप उडाली, गाल बसले. शेजारीपाजारी म्हणायचे, बघा, बायकोसाठी किती झुरतो.

एकदा नर्सरीवालीनं थोड्या कांड्या मागितल्या. कडेची निळी उपटता उपटेना. मग बायकोनं हात लांब करून मधून आलेली एक वेल ओढली. ती सुटल्या धाग्यासारखी हातात आली. कांड्यामागून कांडं, पण एकालाही मूळ नव्हतं, मातीचा कण नव्हता.

वेल तिनं बाजूला ठेवली. मग भरलेली झारी तिनं जोर करून पार मधे रिकामी केली आणि मान वाकवून ऐकत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सुतार दाढी करायला न्हाव्याकडे गेला. तिनं नेहमीसारखं अंगण झाडून घेतलं.

तो परतला तेव्हा ती खराटा घेऊन निळीच्या कडेला उभी होती.

"आज मधली फुलं हवीत मला. बहिणीला पाठवते."

सुतारानं लगेच वाट दिली. "मग जा ना."

"धीर होत नाही हो. आधी तुम्ही चालून दाखवा. फुलं नाही मेली तर येतेच तुमच्या मागोमाग."

त्याचे डोळे लकाकले. किती दिवसांनी! त्यानं कुंडी बघितली, एक डोळा मिटला आणि नाकासमोर निघाला. एक पाऊल. दुसरं. तिसरं.

खाली काहीतरी करकरलं.

लाकूड आवाजावरून ओळखणारा माणूस तो. होता तिथंच, हात पसरून, थिजला.

"थांबलात का?" बायकोनं विचारलं.

"अगं... ती कुंडी..."

"झाडताना जराशी सरकली. कुंडीच आहे, देव नाही."

"हात दे! अगं, आधी हात दे मला!"

ती खराट्यावर रेलली.

"हात कशाला? विहीर तर तुम्ही बुजवलीत ना?"