उपवासाला चालणारी भुसी

“ह्यात मका हाय,” शेषेराव म्हणाले आणि तिसरा डबा काउंटरवरून परत सरकवला.

“मका कुठला, तात्या? माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलंय,” मेडिकलवाला विरूपाक्ष म्हणाला.

“ते कशाचं करतेत?”

विरूपाक्षनं मोबाईलमध्ये पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “मक्याचं.”

“मग? मका धान्यात येतो. आज गुरुवार. न्हाई चालत.”

चाकूरच्या बसस्टँडसमोरच्या त्या मेडिकलात शेषेराव अर्ध्या तासापासून उभे होते. तीस वर्षं त्यांनी पोस्टात टपाल वाटलं होतं. कसलंही अक्षर त्यांना लागायचं. डब्यांवरची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरंही ते भिंग धरून जोडत होते. पोट साफ झालं नव्हतं त्याला आज पाचवा दिवस होता, म्हणून त्यावरचं चूर्ण हवं होतं. पहिल्या डब्यात गव्हाचा कोंडा निघाला. दुसऱ्यात ओवा. चौथा डबा संत्र्याच्या चवीचा होता, तिथं ते जरा अडखळले.

“संत्रं तर उपवासाला चालतं, काका,” मागचं गिऱ्हाईक म्हणालं.

“संत्रं चालतं हो. पण ह्यात संत्रं हाय कुठं? नुसता वास हाय.”

विरूपाक्षनं कपाळावर हात मारला आणि खालच्या फळीवरून एक साधं पाकीट काढलं. “ही घ्या इसबगोलची भुसी. हिच्यात दुसरं काहीच नाही. आता तरी न्या.”

शेषेरावांनी पाकीट उलटंपालटं केलं. भिंग पार खालच्या ओळीवर नेलं. “हे बघ. ज्या कारखान्यात गहू न् सोयाबीन हाताळतेत, तिथंच हे भरलंय. शिवाशिव झाली की.”

दुकानात हशा पिकला. त्याच वेळी शेजारच्या कस्तुराबाई बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. शेषेरावांची बायको नागुबाई आणि त्या रोज जोडीनं देवळात जायच्या.

“काय चाललंय भाऊजी? औषधाला कसला आलाय उपवास? अन् एवढंच वाटतंय तर उद्या घ्या.”

“उद्या घेऊन काय करू वैनी? परवा शनिवार. मग सोमवार. हप्त्यातले तीन दिवस शाबू न् भगर. उरलेला शाबू मधल्या दिवशी. मला तेवढाच करता येतो.”

“तुम्ही कवापासून एवढे देवाचे झालात? नागू उपाशी राहिली तर तिच्यावर खेकसायचे तुम्ही.”

शेषेरावांनी भिंग खिशात ठेवलं. मग आवाज खाली करून म्हणाले, “हे उपवास माझे न्हाईत. तिचेच हायत. ती गेली तवा उद्यापन राहिलं. देवाला काय मागितलं होतं, ते मला कधी सांगितलं न्हाई. ते पुरं झालं का न्हाई, मला कसं कळणार? अर्ध्यावर सोडलं तर तिची एवढी वर्षं वाया जातील. म्हणून धरून राहिलो. आठ महिने झाले.”

 विरूपाक्ष उगाच गोळ्यांची पानं सारखी करत बसला.

कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडतायत असं सगळ्यांना वाटलं. पदर बाजूला झाला तेव्हा कळलं, हसू आवरत नव्हतं म्हणून तो लावला होता.

“अहो भाऊजी, मला ठाऊक हाय ती काय मागायची! माझ्या शेजारीच हात जोडून उभी राहायची ना.”

“काय मागायची?”

“आता चारचौघांत कसं सांगू?”

“सांगा, वैनी.”

“तुम्ही सायकलवर गावोगाव फिरायचे. जिथं मिळंल तिथं भजी-वडे खायचे, अन् सकाळी तासभर आत बसायचे. तुमच्या पोटासाठी तिनं सोमवार धरला. तेवढ्यानं भागलं न्हाई म्हणून गुरुवार धरला. मग शनिवार.”

“तिन्ही?”

“तिन्ही. ‘ह्यांचं पोट रोज साफ होऊ दे, मला दुसरं काय नको,’ म्हणायची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता.”

आता विरूपाक्षलाही हसू आवरेना. शेषेरावांचे कान लाल झाले. डोळे भरून आले आणि त्याच वेळी ते खो-खो हसायला लागले. आठ महिन्यांत त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. हसू थांबल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि सगळे डबे विरूपाक्षकडं सरकवले.

“वैनी, आज माझ्या नावानं दोन भाकरी जास्त टाका. संगं मेथीची भाजी. नागूचं मागणं पुरं करायचं हाय, अन् ते उपवास मोडल्याबगर व्हायचं न्हाई.”