गेल्या वर्षीचा स्कॅन

अमळनेरच्या एका दवाखान्यातले कॉम्प्युटर ज्योत्स्ना सांभाळायची. त्या सकाळी सर्व्हरचं अपडेट पुन्हा फसलं आणि केलेले बदल मागे घेत सर्व्हर अडकून बसला. तेवढ्यात तोताराम आईला, झुंबरबाईंना, घेऊन आला. मोटारसायकलवरून पडल्यापासून त्या गुंगीत होत्या. आत्ताच काढलेल्या स्कॅनमध्ये मेंदूत पांढरा डाग दिसत होता. तो नवा असेल तर रक्तस्राव, म्हणजे लगेच धुळ्याला नेऊन ऑपरेशन. जुना आहे का, हे गेल्या वर्षीच्या स्कॅनवरूनच कळणार होतं आणि तो फक्त सर्व्हरवर होता. "बटण दाबून बंद कर आणि पुन्हा चालू कर," डॉक्टर घाईने म्हणाले. "मध्येच बंद केला तर कदाचित उठणारच नाही, सर. थांबावंच लागेल." ज्योत्स्ना म्हणाली. दाराशी उभ्या तोतारामने विचारलं, "ताई, मनी मायना फोटू उना का?" "आईचा फोटो अजून आला नाही, थांबा," ती म्हणाली. अखेर सर्व्हर सुरू झाला. तिने आधी जुना स्कॅन उघडला. डाग त्याच जागी होता, तेवढाच. "जुनाच आहे," डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको." तोताराम वॉर्डात आईजवळ गेला. मग ज्योत्स्नाला दिसलं, की डिस्क काठोकाठ भरल्याने अपडेट बसत नव्हतं. दुपारी नको त्या फायली काढून तिने ते पुन्हा लावलं, तेव्हा सरळ बसलं. ती वॉर्डात डोकावली तर झुंबरबाई डोळे किलकिले करून लेकाला जेवणाचं विचारत होत्या, "तू जेवना का रे?"