चार फरशा

पानसेकाकांनी टोपलीचं झाकण उघडलं आणि ते स्वतःच भिंतीपर्यंत मागे सरकले. ते जवळ असले की हल्ली सोनी बाहेरच यायची नाही.

"डॉक्टर, चार दिवस झाले, असंच चाललंय. आधी माझ्या उशीवर झोपायची हो."

डॉ. मृणाल गोठोस्करांनी दवाखान्यातली पाळीव मांजर घुबडी सोनीजवळ सोडली. नव्या लशीनंतर मांजरांना विषाणू हुंगता येऊ लागले होते. पार्व्हो असो की फ्लू, आजारी मांजरापासून निरोगी मांजर बरोब्बर चार फरशा लांब बसायचं. रक्त तपासायची गरजच उरली नव्हती.

घुबडी सरळ गेली आणि सोनीचा कान चाटू लागली.

"ठणठणीत आहे की तुमची सोनी!"

काका हरखून पुढे आले. दोन्ही मांजरं एकदम उठली, मागे गेली आणि बसली. मधल्या फरशा चार.

"म्हणजे मलाच काही झालंय का?"

"छे हो! मांजरांचे हे रोग माणसाला होत नाहीत," म्हणत डॉक्टरांनी त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

मग कोपरापर्यंत साबण लावून त्यांनी हात धुतले आणि घुबडीला उचलायला वाकल्या. घुबडी मागे सरली. त्या एक पाऊल पुढे गेल्या, तशी ती आणखी मागे.

डॉक्टरांनी फरशा मोजल्या. शटर आतून खाली ओढलं, काकांना बाकावर बसवलं आणि मुलीला फोन लावला.

"मनवा, जेवून घे. दाराला कडी लाव. आणि मी आले, कितीही हाका मारल्या, तरी उघडू नकोस."