कोडमेट्याचा धबधबा

जीप पायऱ्यांपाशी थांबली, तरी फारूक उतरेना. त्यानं आरसा पुसला, चावी काढली, परत लावली. शकिला मात्र केव्हाच उतरली होती. ईदची नवी ओढणी डोक्यावर घेऊन ती पाटीसमोर उभी होती. पाटीवर लिहिलं होतं, 'कोडमेटा धबधबा, ३४० पायऱ्या.'

"चला ना," ती म्हणाली. "का गाडी राखत इथीच बसता?"

ती आपली गमतीत बोलली, पण फारूक पुन्हा आरसा पुसू लागला. कारण बावीस वर्षं तो इथं तेवढंच तर करत आला होता. भाड्याच्या जीपमधून धानोऱ्याहून पाहुणे आणायचे, ते खाली जायचे, आणि हा त्यांच्या पिशव्या राखत वर गाडीत बसायचा. धबधबा त्यानं एकदाही पाहिला नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात शकिलानं विचारलं होतं, कसा आहे हो? आता नव्या नवरीपुढं 'पाहिला नाही' कसं म्हणायचं? दिलं ठोकून. मग काय, दरवर्षी पाहुणे ओलेचिंब होऊन वर आले की हा कान टवकारून बसायचा. नागभीडचे एक मास्तर म्हणाले, वरून कोणी सुपानं तांदूळ पाखडतंय असं वाटतं. आरमोरीची एक म्हातारी म्हणाली, तोंडावर तुषार आले आणि मले माहेर आठवलं. ते सगळं फारूक घरी घेऊन यायचा, स्वतःचं म्हणून. नव्या पाहुण्यांनाही तेच ऐकवायचा, आणि असं रंगवून की लोक त्याचीच गाडी मागायचे. पाणी बाराही महिने पडतं, हे तर अगदी छातीठोक. ते त्याला कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

लेक शगुफ्ता पोटात होती तेव्हा एका रात्री कळा सुरू झाल्या. मागच्या सीटवर ओठ चावत पडलेली शकिला म्हणाली होती, धबधब्याचं सांगा. दवाखाना येईपर्यंत फारूक सांगत होता.

बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, तिकडं जायचं हे घरात दरवर्षी ठरायचं. पण ईद पावसाळ्यात आली की गाडीला पाहुणे, भर उन्हाळ्यात आली की लग्नाची वऱ्हाडं. यंदा ईद सरकत सरकत मार्चात आली. गाडी रिकामी, शगुफ्ता सासरी, आणि शकिलानं पहाटेच डबा भरलेला. बहाणे संपले. येताना वाटेतले दोन नाले कोरडेठाक दिसले, तरी फारूक घाबरला नाही. कोडमेटा बारमाही आहे, हे आपणच तर सगळ्यांना सांगतो.

माहीतगारासारखा तो पुढं उतरू लागला. अर्ध्यात वाट फुटली तेव्हा तो डावीकडं वळला आणि एका झुडपापाशी येऊन अडकला. रस्ता बदलला वाटते, असं काहीतरी पुटपुटत परत फिरला. पाण्याचा आवाज काऊन येत नाई, असं शकिलानं एकदाच विचारलं. वारा उलटा आहे, असं त्यानं सांगितलं. वारा तर पानही हलवत नव्हता.

खाली पोचले तर समोर नुसता काळा कातळ. पाणी जिथून पडायचं तिथं पांढुरका ओरखडा उरला होता. डोहात भेगाळलेला चिखल. खोटं बोलणाऱ्यानं निदान ऋतू तरी विचारून घ्यावा.

बाजूच्या मोहाखाली कलाबाई फुलं वेचत होती. पावसाळ्यात ती वर जीपगाड्यांपाशी भुट्टे विकायची. फारूकला पाहून ती टोपली घेऊन उठलीच.

"फारूकभाऊ, तुमी खाली? इतके सालं झाले, गाडी सोडून कधी आले नाई. आन् आज आले तं पाणी नाई. दिवाळी झाली का आटते ना हे."

तिच्या मनात काही पाप नव्हतं. फारूकला मात्र त्या चिखलाच्या भेगेत जावंसं वाटलं. शकिला भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाची त्याला सवय होती. ती नुसती कातळाकडं पाहत राहिली.

"मी पाह्यलाच नाई," तो शेवटी म्हणाला. "कधीच नाई."

शकिला एका दगडावर बसली. चपला काढून तिनं बाजूला ठेवल्या आणि पाय कोरड्या डोहात सोडले.

"कुठून पडते?" तिनं विचारलं.

टोमणा असेल असं त्याला वाटलं. तिनं पुन्हा विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

फारूकनं वर बोट दाखवलं. पहिल्यांदा दोन शब्दांवरच अडला. मग मास्तरांचे तांदूळ आले. ते कातळावर कसे फुटतात, पांढरा धूर कसा उठतो, शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं कसं ऐकू येत नाही, हे तो सांगू लागला. सांगता सांगता हातवारे करत तो डोहात उतरला, थेट कातळाच्या पायथ्याशी गेला. फुलं वेचायची सोडून कलाबाई टोपली कमरेवर घेऊन ऐकत राहिली. आरमोरीच्या म्हातारीच्या तुषारांपर्यंत तो आला, तेव्हा शकिलानं ओढणी कपाळावर पुढं ओढून घेतली.

"अजी, जरा मागं सरका," ती म्हणाली. "भिजून राह्यले तुमी."