सरसेनापतींची बैठक

"आजपासून या गिल्डमध्ये कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही! पदं रद्द, सलाम रद्द, सगळे समान!" सरसेनापतींनी हेडफोनच्या माइकमध्ये गर्जना केली. मग घसा खाकरून म्हणाले, "या निर्णयाला ज्येष्ठतेनुसार एकेकाने होकार द्यावा."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

सरसेनापती म्हणजे एका गोदामातले निवृत्त भांडारपाल. ऑनलाइन गेममध्ये किल्ले जिंकायला जमलेल्या चाळीस अनोळखी माणसांच्या टोळीला, म्हणजे या गिल्डला, त्यांनी चार वर्षं शिस्त लावली होती. नायक, उपनायक, शिपाई, प्यादी अशी उतरंड. नियम पहिला : लढाई चालू असताना वरिष्ठांना विचारल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. स्वतः सरसेनापती तीन-तीन तास हलत नसत. "आजोबांची बैठक म्हणजे बैठक!" असं पोरं म्हणायची, आणि कंटाळून गिल्ड सोडायची. चाळिसांचे नऊ उरले. काल त्या नवांनीही कळवलं : पदं जातील, नाहीतर आम्ही जाऊ.

बायको गेल्यापासून रविवारी दुपारी त्यांच्याशी बोलणारे एवढे नऊच होते. म्हणून ही घोषणा. घोषणेच्या धास्तीने आज लढाईआधी दोन कप चहाही पोटात गेला होता. एरवी लढाईच्या दिवशी सकाळी दहानंतर ते पाण्याला शिवत नसत.

लढाई सुरू झाली. "नायक पुढे..." एवढं बोलून त्यांनी उरलेला हुकूम गिळला. हुकूम नाही म्हटल्यावर नऊच्या नऊ जण किल्ल्याच्या एकाच दरवाजात घुसले आणि एकमेकांना अडले.

"अहो आजोबा, मध्ये खांबासारखे काय उभे! माझ्या मागे या. बाकीचे डावीकडून!"

ही मुंगी, म्हणजे हे तिचं गेममधलं नाव. लढाईत जखमींना बरं करायची. घरी बाळ रडलं की न विचारता उठायची, म्हणून सरसेनापतींनी तिला अकरा वेळा प्यादं केलं होतं. आज ते निमूट तिच्या मागे गेले. दरवाजा पडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा! हेडफोनमध्ये नुसता कल्ला झाला.

दुसरा दरवाजा समोर होता. इकडे खुर्चीत सरसेनापतींनी पायावर पाय घट्ट आवळला होता. कपाळावर घाम.

"मुंगी, ही लढाई तू चालवते आहेस. म्हणजे वरिष्ठ तूच."

"आजोबा, पदं रद्द झालीत ना? पुन्हा काय काढलंत?"

सगळ्यांनी कान टवकारले. आता नवा नियम येणार, आणि आपल्याला सोडून जावं लागणार, असंच नवांना वाटलं.

"झाली, झाली. पण पहिला नियम अजून आहे ना गं," सरसेनापतींचा आवाज एकदम बारीक झाला. "मी जरा बाथरूमला जाऊन येऊ का? चार वर्षं विचारायला वरचं कोणी नव्हतं."