कपड्यावरचा पत्ता

“हिंदी बाहेर, चपलांजवळ,” विनताबाई म्हणाल्या. “आत आलीस की मराठी.”

दीप्ती हसली. शब्द जुळवायला तिला जरा वेळ लागला. “आज... सर कुठं गेले?”

“पनागर गावाला, मटार आणायला. उद्या आपण भाजीबाजार करून राहिलो ना? बाजार खोटा असला तरी भाजी खरी पाहिजे, असा हट्ट आहे त्यांचा.”

शेवटच्या बाकावरची विष्णुपंतांची जागा रिकामी होती. एरवी ते तिथून उठून कधी भाजीवाला व्हायचे, कधी कंडक्टर, कधी खडूस सासरा. बायको शिकवायची आणि नवरा सोंगं काढायचा, असा त्या वर्गाचा कारभार होता. हिंदी मुलखातल्या या शहरात, सदर भागातल्या त्या खोलीत मराठी घरांतलीच पोरं मराठी शिकायला यायची. पण हसायचं कुणाला? परवा खुद्द नातीनंच फोनवर “दादी, हिंदी में बोलो ना” म्हटलं, तेव्हा फोन ठेवून विनताबाई रडल्या होत्या.

आता पोरंही चारच उरली होती. खोली देणाऱ्या मंडळानं बजावलं होतं, संख्या वाढली नाही तर खोली शिवणवर्गाला देऊ. त्यामुळे आज विनताबाईंचा जीव टांगणीला लागला होता. बँकेत नोकरी करणाऱ्या योगेंद्र नावाच्या एकानं फोनवर “आज येतो” म्हटलं होतं. त्याला त्यांनी विषयही देऊन ठेवला होता, वाईट बातमी कशी सांगावी. दारातूनच सोंगात शिरायचं, ओळखपाळख नंतर, असंही सांगितलं होतं.

सकाळी विनताबाई त्याच विषयाच्या चिठ्ठ्या लिहीत असताना विष्णुपंत दारातून “येतो गं” म्हणाले. लिहिण्याच्या नादात विनताबाईंनी मान वर केली नाही. मग खिडकीतून त्यांना पाठमोरी स्कूटर दिसली आणि तिला अडकवलेली थैली. वर्गाच्या जुन्या बॅनरच्या कापडाची ती थैली विनताबाईंनीच शिवली होती. बॅनरवरचं विनताबाईंचं नाव आणि वर्गाचा पत्ता मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवायला विष्णुपंतांनीच लावलं होतं. फुकटात जाहिरात होते म्हणायचे.

वर्ग सुरू झाला. वेदांगनं “आजी, तुमची मांजर हरवली” हे अशा थाटात सांगितलं की जणू पेढेच वाटायला आला होता. सगळे हसत असतानाच दार ढकललं गेलं.

आत आलेला माणूस तिशीचा असेल. थंडीतही घामानं भिजलेला. बूट काढायचं भान त्याला नव्हतं. “विनताजी आप ही हैं? माताजी, वो...”

विनताबाईंना बरं वाटलं. आला एकदाचा. “मीच विनता. पण मराठीत सांगा. येते ना थोडी?”

“घरी बोलतात. माझी कच्ची आहे. माताजी, एक मिनट हिंदी में...”

“हिंदी बाहेर, चपलांजवळ,” चौघं एका सुरात म्हणाले.

माणसानं त्यांच्याकडे पाहिलं, मग विनताबाईंकडे. “तुमचे मिस्टर... ट्रकनं धडक दिली. ते... ते खतम झाले.”

विनताबाईंनी हात वर केला. “थांबा. साखर खतम होते, तेल खतम होतं. माणूस नाही. आधी बसा. ‘मावशी’ म्हणा. मग हळू सांगा, ‘ते गेले.’”

तो खुर्चीच्या कडेवर बसला.

“मावशी, ते गेले.”

आता विनताबाईंची पाळी होती. “काहून असं बोलून राहिले तुम्ही? सकाळी ‘येतो’ म्हणाले होते. मी मान वर करून पाहिलंही नाही.” घरातली खरी गोष्ट अशी तोंडातून निसटली आणि त्यांचा आवाज आपोआप चिरकला. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. दीप्ती डोळे पुसत होती.

त्यांनी घसा खाकरला. “छान. पण घर कसं सापडलं तेही सांगावं लागतं. नाहीतर ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही.”

“कपड्यावर लिहिलं होतं,” माणूस म्हणाला.

पोरं खुसखुसली. विनताबाईंनाही हसू आवरलं नाही. “अहो, कपडे म्हणजे आपण घालतो ते. शर्टावर पत्ता कोण लिहितं? खिशातल्या चिठ्ठीवर होता, असं म्हणा.”

त्यानं नुसतीच मान हलवली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. विनताबाईंनीही वाजवल्या. पाचवा विद्यार्थी मिळाला होता आणि तोही असा. विष्णुपंतांना केव्हा एकदा सांगते असं त्यांना झालं होतं. माणूस मात्र उठेना. ओंजळीत तोंड घालून तो हमसून हमसून रडत होता.

“पुरे आता, झालं ते सोंग,” त्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. “पाणी आणा रे कुणीतरी.”

वेदांग उठला, तोच दारात कुणीतरी चपला काढल्याचा आवाज झाला.

“सॉरी मॅडम, बँकेत उशीर झाला,” दारातला मुलगा एकेक शब्द जुळवत म्हणाला. “मी योगेंद्र.”