बंद पडणारी पिकअप

गंगारामकाकांची जुनी पिकअप चालता चालता मध्येच बंद पडायची आणि किल्ली फिरवली की मुकाट पुन्हा सुरू व्हायची. विनोदने रत्नागिरीतल्या आपल्या गॅरेजात डिझेल फिल्टर बदलला, पंप तपासला, वायरी सोडवून पाहिल्या. गॅरेजात मात्र ती एकदाही बंद पडली नाही. शेवटी तो काकांच्या शेजारी बसून पूर्णगडच्या रस्त्याला निघाला. एका खड्ड्यात गाडी आदळली, किल्लीला लटकलेला चाव्यांचा जड जुडगा जोरात हेलकावला आणि इंजिन बंद झालं.

"काका, ह्याच्या वजनाने किल्लीचा स्विच ढिला झालाय. एवढ्या चाव्या कसल्या?"

"वाडीतल्या घरांच्या रे. सगळे गेले मुंबईला. जाताना माझ्याकडे देऊन गेले."

"गाडीची किल्ली वेगळी ठेवा. स्विच बदलला की झालं काम."

काकांनी जुडगा सोडवून मांडीवर घेतला.

"बदल बाबा. गाडी विकायचीच आहे. परवा मुलगा येतोय मला न्यायला," ते म्हणाले. "माझ्या घराची धरून एकवीस झाल्या. ह्या आता कोणाकडे देऊ?"